मुक्कामी गाडीचं भारमान

आमच्या धामणखेडात मुक्कामी गाडी कशी सुरू झाली हे कुणालाही विचारा, तो छाती पुढे काढूनच सांगेल. शेषरावांच्या वडिलांनी म्हणे आगाराच्या साहेबाला घरी जेवायला बोलावलं होतं. रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असा बेत. साहेब इतके खूश झाले की हात धुता धुता म्हणाले, "तुमच्या गावाला रोज रात्री आमची एक गाडी मुक्कामाला राहील." गाव अजून त्या वांग्याच्या भाजीचं वर्णन करतं. त्या भाजीत तूप किती होतं यावर दोन भावक्यांत अबोला आहे.

खरी गोष्ट मला शालिग्राम कंडक्टरने सांगितली, तीही माझ्या टपरीवर चहा पिताना, इकडे तिकडे बघून. शहरातल्या आगाराचं पटांगण त्या काळी इतकं लहान होतं की सगळ्या गाड्या रात्री आत मावत नसत. मग उरलेल्या गाड्या संध्याकाळी खेड्यांत झोपायला धाडायच्या आणि सकाळी त्यांनीच माणसं भरून शहरात यायचं, अशी ती सोय. साहेबाला गाडी उभी करायला जागा हवी होती, आमच्या मारोतीच्या ओट्यासमोर ती होती. जिल्ह्यातल्या बहुतेक मुक्कामी गाड्यांचा इतिहास असाच असावा. फक्त प्रत्येक गावाचा साहेब वेगळा आणि भाजी वेगळी.

मी हे गावात कुणाला सांगितलं नाही. मला इथेच टपरी चालवायची आहे.

तर ही गाडी संध्याकाळी यायची, रात्रभर ओट्यासमोर उभी राहायची आणि सकाळी सहाला सोनाळ्यावरून, वरवट बकालवरून शहराकडे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावाकडे. आज या घरी, उद्या त्या घरी, पाळीपाळीने. ही पाळी कधी चुकली नाही. लग्नघर असो की सुतकाचं घर, पाळी आली की शेजारच्या चुलीवर का होईना, पण दोन ताटं वाढली जायची. आमच्या फेरीवर ड्यूटी मिळावी म्हणून आगारात कंडक्टर लोक वशिला लावत. शालिग्राम आला तेव्हा काडीसारखा होता, आता त्याला तिकिटाच्या मशीनचा पट्टा पोटावरून नेताना त्रास होतो.

गाडीला जेवू घालायला असं सगळं गाव हजर. गाडीत बसायला मात्र कुणी नाही. घरोघरी फटफट्या आल्या. कॉलेजची पोरं शहरात खोली करून राहू लागली. सकाळची गाडी निघताना मोजून चार डोकी दिसायची, त्यात रोजचं डोकं एकच, ते सत्यभामाबाईंचं.

सत्यभामाबाई म्हणजे गावाच्या काकू. विहिरीखालच्या अर्ध्या एकरात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी लावतात. नवरा मोतीराम दम्याने घरी बसलेला. तो संध्याकाळी खाटेवर बसून जुड्या बांधतो, काकू सकाळी तीन गाठोडी घेऊन गाडीत चढतात. शहरात मुलींच्या वसतिगृहाची खानावळ आहे, तिथे वर्षानुवर्षं यांचीच भाजी जाते. खानावळवालीचा नियम कडक. मुली कॉलेजात जायच्या आत स्वयंपाक व्हायला हवा, म्हणून भाजी लवकर पोचलीच पाहिजे. उशीर व्हायला लागला की ती दुसरा भाजीवाला बघणार, हे तिने तोंडावर सांगून ठेवलेलं. फटफटीवर तीन गाठोडी आणि काकू मावत नाहीत. म्हणजे ही गाडी बंद झाली तर गावात नेमकं कुणाचं अडणार होतं, तर एकट्या काकूंचं. बाकीच्यांची फक्त शान जाणार होती. पण गावात शानेलाच जास्त माणसं धावतात, हे मी इतकी वर्षं चहा विकून शिकलो आहे.

एका सकाळी शालिग्रामने माझ्या टपरीवर बातमी आणली.

"गजेंद्रभाऊ, आगारात फेऱ्या तपासून राह्यले. ज्याचं भारमान कमी, ते फेरी बंद. पुढच्या सोमवारपासून आठ दिवस तुमच्या गाडीचं पायतीन."

भारमान म्हणजे गाडीत जागा किती आणि बसलेली माणसं किती, याचा हिशेब. आमच्या गाडीचं भारमान सांगायची शालिग्रामला लाज वाटत होती, कारण आदल्या रात्रीच तो आमच्याकडे जेवला होता.

त्याच संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. अध्यक्ष अर्थातच शेषराव. वडिलांनी वांग्याच्या भाजीवर कमावलेली गाडी आपल्या हयातीत जाते म्हणजे काय? ते भयंकर तापले होते.

"गाडी आपली इज्जत आहे का नाही?"

"हाव!" सगळे म्हणाले.

"मंग बसत काऊन नाही बे कोणी तिच्यात?"

यावर सगळ्यांनी एकमेकांच्या फटफट्यांकडे पाहिलं.

शेवटी शेषरावांनीच तोडगा काढला. जेवणाची पाळी असते तशी आता बसायची पाळी. घरटी एक माणूस. रस्त्याच्या उजव्या हाताची घरं एका दिवशी, डाव्या हाताची दुसऱ्या दिवशी. सकाळी शहरात जायचं, दुपारच्या गाडीने परत यायचं. तिथे काय करायचं हे ज्याचं त्याने बघावं. जो येणार नाही त्याच्याकडची जेवणाची पाळी काढून घेतली जाईल. ही धमकी ऐकून बाया घाबरल्या. पाळी काढून घेणं म्हणजे गावातून नाव काढल्यासारखंच.

काकू ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"माह्या एकटीच्या गाठोड्यासाठी सारं गाव उठून राह्यलं बाप्पा!" त्या म्हणाल्या. "मी कोणाचे उपकार फेडू?"

"काकू, गाव कायले असते मंग?" शेषराव म्हणाले. त्या क्षणी मलाही आमच्या गावाचा अभिमान वाटला. तो सोमवार सकाळपर्यंत टिकला.

आता घरटी एक माणूस म्हणजे कुठला माणूस? कामाचा माणूस कोण सोडणार? तूर सोंगायची होती, कपाशीची वेचणी होती. मग प्रत्येक घराने आपापल्या परीने डोकं चालवलं आणि सगळ्या घरांचं डोकं एकाच जागी जाऊन थांबलं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तिकीट फुकट. घरात म्हातारा आहे, बसूनच असतो, इथे बसण्याऐवजी गाडीत बसेल. ज्या घरी म्हातारा नव्हता त्यांनी म्हातारी दिली. ज्या घरी दोन्ही नव्हते त्यांनी नाइलाजाने सून पाठवली, कारण बायांना अर्धं तिकीट.

सोमवारी सकाळी मारोतीसमोर जे दृश्य होतं ते मी विसरणार नाही. धुतलेली धोतरं, बासनातून काढलेले फेटे, काठ्या, कानटोप्या, खांद्यावर शाली. गावातलं सगळं जुनं लाकूड झाडून पुसून बाहेर काढल्यासारखं. उकंडराव ऐंशीच्या पुढचे, वेशीबाहेर पडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांना दोघांनी उचलून आत ठेवलं आणि त्यांनी बरोबर खिडकीची जागा धरली. गाडी खच्चून भरली. उभ्याने काठ्या टेकून माणसं. शालिग्राम मशीन घेऊन मधे अडकला तो सोनाळ्यापर्यंत हललाच नाही, असं नंतर कळलं.

आणि मग काकू आल्या, डोक्यावर एक गाठोडं, काखेत एक, तिसरं मागून मोतीराम धापा टाकत आणत होता.

"काकू, पाय ठेवाले जागा नाही," शालिग्राम आतून ओरडला.

"माही रोजची जागा आहे ना बापू, मांगची."

मागच्या जागेवर सहा म्हातारे बसले होते आणि त्यांच्या पायांत आणखी दोन.

"शेषरावभाऊ, एकदोघाले उतरवा ना," काकू म्हणाल्या. "मले वेळेवर पोचा लागते. तुमाले त मालूम आहे."

शेषराव दारात पाय रोवून उभे होते. त्यांनी आत पाहिलं. कुणीच हललं नाही. उतरणाऱ्याच्या घराची पाळी गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे अमक्याचा म्हातारा गाडीतून उतरवला हे गावभर झालं असतं. उकंडरावांनी तर खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला.

"आठ रोजाची त गोष्ट आहे काकू," शेषराव म्हणाले. "तुमच्यासाठीच त चाल्लं हे सारं. जरा सोसा."

गाडी गेली. काकूंची गाडी वाचवायला सगळं गाव गाडीत बसून गेलं आणि काकू धुरळ्यात उभ्या राहिल्या. मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. मोतीरामला म्हणाल्या, "तुम्ही घरी जा." तिसरं गाठोडं माझ्या टपरीत ठेवलं, बाकीची दोन घेतली आणि सोनाळ्याच्या रस्त्याने चालू लागल्या. सोनाळ्याहूनही सकाळी एक गाडी निघते, आमच्यापेक्षा अर्ध्या तासाने. ती त्यांना कशीबशी मिळाली. खानावळीत उशीर झाला तो झालाच, बोलणीही खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून त्या उजाडायच्या कितीतरी आधी उठून तिन्ही गाठोडी सोनाळ्यापर्यंत डोक्यावर नेऊ लागल्या, एक पुढे ठेवायचं, परत येऊन दुसरं न्यायचं, अशा. उरलेले सातही दिवस. माझ्याकडे फटफटी आहे. सकाळी टपरी सोडता येत नाही, असं मी स्वतःला रोज सांगितलं.

इकडे म्हाताऱ्यांची मात्र चंगळ झाली. पहिल्या दिवशी ते शहरातल्या स्टॅंडवर बाकांवर ओळीने बसून राहिले आणि दुपारच्या गाडीने परत आले. दुसऱ्या खेपेपासून त्यांना चटक लागली. कुणी दाढी करून आला, कुणी डोळे तपासून आला. उकंडरावांना स्टॅंडवर शाळेतला एक दोस्त भेटला, तो कोण हे दोघांनाही नीट आठवत नव्हतं, तरी दोघं तासभर रडले. डाव्या हाताचे म्हातारे उजव्या हाताच्या दिवशीही नटून यायला लागले. संध्याकाळी शेषराव माझ्या टपरीवर बसून सांगत, "गाडी फुल्ल! बाप असता त नाचला असता."

बाप कशाला नाचला असता, हे मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी निरोप आला की आगाराचे साहेब स्वतः गावात येणार आहेत. गावाने ओळखलं की आपण जिंकलो. मांडव पडला, भोंगा लागला, रोडगे भाजले गेले, आणि वांग्याच्या भाजीची जबाबदारी शेषरावांनी स्वतः घेतली. वांगी काकूंच्याच वाफ्यातली.

साहेब तरुण होते, नव्याने आलेले, आणि मुख्य म्हणजे चांगला माणूस होता. वाईट माणूस असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. ते जेवले, भाजीची तारीफ केली आणि माईकसमोर उभे राहिले.

"मी अनेक गावं पाहिली," ते म्हणाले, "पण ज्येष्ठांची इतकी काळजी घेणारं गाव पाहिलं नाही. तुमच्या फेरीचं भारमान बघून आमचा विश्वास बसेना. म्हणून या फेरीसाठी आम्ही नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी मंजूर केली आहे. गार हवेची!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भोंगा चिरकला. शेषरावांनी फेटा सरळ केला.

"ही गाडी रात्री आगारात चार्ज करावी लागते," साहेब पुढे म्हणाले, "म्हणून आता मुक्काम नाही. ती सकाळी शहरातून निघून दहाला तुमच्या गावी येईल आणि माणसं घेऊन लगेच परत जाईल. एवढ्या वयाच्या लोकांनी थंडीत पहाटे उठायची गरजच काय?"

टाळ्या सुरूच होत्या. हात आधी वाजतात आणि कान नंतर ऐकतात, त्यामुळे टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. फक्त उकंडराव वाजवत राहिले. "दहाची बरी!" ते मोठ्याने म्हणाले. "पहाटचे हाडं दुखतात."

काकू बायांमधून उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, मंग सकाळची?"

"सकाळची बंद, मावशी. दहाची त्याहून चांगली."

"दहाले माह्या भाजीचं काय करू मी? लेकरं सकाळीच जेवून जातेत."

साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मोबाइल काढला, आकडे पाहिले. "हे बघा, सकाळी जाणारे जवळजवळ सगळे दुपारच्याच गाडीने परत आले. म्हणजे कुणालाही सकाळचं असं काम नव्हतं, फिरायला गेले होते. त्यांना सकाळ काय नि दुपार काय. आणि कुणाकडे सामानही नाही. धामणखेडहून आठ दिवसांत लगेजचं एकही तिकीट फाटलेलं नाही. तुमची भाजी जात असती तर इथे दिसली नसती का?"

सगळ्यांनी शेषरावांकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. 'साहेब, ही माणसं खोटी होती, खरी ही एकटीच होती, आणि तिला आम्हीच चढू दिलं नाही.' माईक शेषरावांपासून हातभर अंतरावर होता. त्यांनी माईककडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, अजून एक रोडगा घेतला असता तुम्ही."

मला त्या माणसाचा त्या वेळी जो राग आला तसा कुणाचा आला नव्हता. पण मी तरी कुठे उठलो? मी चहाच्या कपांचा ट्रे धरून उभा होतो, दोन्ही हात अडकलेले, ही सबब मला आयती मिळाली.

"साहेब, आठ दिवस मी सोनाळ्याहून गेली," काकूच शेवटी म्हणाल्या. "पयल्या रोजी दोन, मंग रोज तीन गाठोडे होते माहे."

साहेबांनी पुन्हा मोबाइल पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"सोनाळा! बरोबर! तिथे सकाळी लगेज वाढलंय, पहिल्या दिवशी दोन नग, मग रोज तीन. म्हणूनच तर सोनाळ्याची सकाळची फेरी आम्ही कायम ठेवली." ते हसले, अगदी मनापासून. "म्हणजे मावशी, तुमची गाडी वाचलीच की!"

काकू खाली बसल्या. साहेबांना वाटलं, समाधान झालं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडचा आकडा न् आकडा खरा होता. साठ माणसं बसवून आम्ही आमची गाडी घालवली आणि आम्ही ज्या बाईला चढू दिलं नाही तिने एकटीने सोनाळ्याची राखली.

महिना संपला तशी मुक्कामी गाडीची शेवटची सकाळ आली. गाडीला हार घालायला, ओवाळायला सगळं गाव ओट्यासमोर जमलं. चढलं मात्र कुणी नाही. आता कशासाठी चढायचं? म्हातारे कानटोप्या घालून बाजूला उभे होते, दहाच्या गाडीची वाट बघायला त्यांना अजून एक दिवस होता. शेषराव नारळ घेऊन पुढे आले. काकू तीन गाठोडी घेऊन आल्या तेव्हा ते लगबगीने वाटेतून बाजूला झाले.

"या काकू, बसा. आज अख्खी गाडी तुमची आहे."

काकू चढल्या. गाठोडी खाली ठेवायची सोडून त्यांनी एकेक करून सीटवर ठेवली, एक खिडकीपाशी, दोन मागे. मग शालिग्रामला म्हणाल्या, "लगेजचं तिकीट फाड, बापू. तिन्हीचं फाड."

"राहू द्या न काकू, आजचा दिवस," शालिग्राम पुटपुटला. त्याला मान वर करता येत नव्हती.

"फाड म्हणते न मी. गावाचं नाव येऊ दे त्याच्यावर."

मशीन किरकिरलं. काकूंनी ती चिठोरी घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि शेषरावांसमोर धरली. शेषरावांच्या एका हातात नारळ होता. दुसऱ्या हाताने त्यांनी ती घेतली, कारण न घेणं त्याहून अवघड होतं.

"साहेबाले गाडी भरलेली दाखवाचीच होती न भाऊ," काकू म्हणाल्या, "त मले बसू द्यायचं होतं."

ड्रायव्हरने गाडी गिअरमध्ये टाकली. नारळ फोडायचा राहून गेला आणि कुणी आठवणही केली नाही.